अध्यक्ष समितीवर बसू शकतात का? रॉबर्टच्या नियमांनी हे कसं ठरवायचं

अमेरिका-कॅनडातल्या मराठी मंडळांच्या घटनेत पुष्कळदा शेवटाकडे एक छोटं कलम असतं: जिथे ही घटना काही सांगत नाही, तिथे ‘रॉबर्ट्स रूल्स ऑफ ऑर्डर’ या सभा चालवण्याच्या नियमांच्या पुस्तकाची चालू आवृत्ती लागू राहील. मंदिरांची विश्वस्त मंडळं, शाळांच्या पालक संघटना, घरमालकांच्या असोसिएशन यांच्याकडेही असं कलम दिसतं. हेन्री मार्टिन रॉबर्ट या अमेरिकी लष्करातल्या अभियंत्याने हे नियम १८७६ साली पहिल्यांदा छापले. त्यांची बारावी आवृत्ती २०२० सालची आहे. घटना मंजूर होताना या कलमाकडे फारसं कोणी पाहत नाही. मग गणेशोत्सवाचा हॉल ठरवायला समिती बसते, अध्यक्ष येऊन खुर्ची ओढून बसतात, मतदान होतं, आणि कोणीतरी विचारतं: अध्यक्षांचं मत धरायचं का?

रॉबर्टच्या नियमांचं उत्तर स्पष्ट आहे. केवळ अध्यक्षपदावर आहे म्हणून कोणी कुठल्याही समितीचा सदस्य होत नाही. घटनेने तसं म्हटलं असेल किंवा सभेने रीतसर नेमलं असेल, तरच अध्यक्ष सदस्य ठरतात. सदस्य झाले की मात्र ते पूर्ण सदस्य असतात: बोलतात, सूचना मांडतात, मत देतात. अध्यक्षांना समितीवर बसायला सरसकट मनाई नाही. दोन समित्यांपासून मात्र त्यांनी लांब राहायचं असतं, त्या पुढे येतील.

महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थेचा प्रश्न घेऊन कोणी हे वाचत असेल तर इथेच सांगायला हवं की तिथे रॉबर्टचे नियम चालत नाहीत. तिथे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० आणि संस्थेचे मंजूर उपविधी पाहायचे.

आधी कागद काढा

वाद सुरू होण्याआधी तीन कागद समोर ठेवा: संस्थेच्या नोंदणीची सनद, म्हणजे ‘आर्टिकल्स ऑफ इन्कॉर्पोरेशन’, घटना, म्हणजे बायलॉज, आणि सभेने वेळोवेळी मंजूर केलेले कार्यपद्धतीचे विशेष नियम. अधिकाराची उतरंड अशी आहे. सगळ्यात वर राज्याचा कायदा, त्याखाली सनद, मग घटना, मग विशेष नियम, त्यानंतर रॉबर्ट, आणि सगळ्यात शेवटी ‘आपल्याकडे नेहमी असंच चालतं’ ही प्रथा. प्रथा लेखी नियमाच्या आड आली आणि कोणी हरकत घेतली, तर प्रथा पडते. वीस वर्षं अध्यक्ष प्रत्येक समितीत मत देत आले असतील, तरी घटनेत आधार नसेल तर एका सदस्याचा हरकतीचा मुद्दा ती वहिवाट थांबवायला पुरेसा आहे.

घटना इंग्रजीत असेल तर ‘एक्स ऑफिशिओ’ (पदसिद्ध, म्हणजे पदामुळे सदस्य) आणि ‘कमिटीज’ हे शब्द शोधा, आणि ते दोन ठिकाणी शोधा: पदाधिकाऱ्यांच्या कर्तव्यांच्या कलमात आणि समित्यांच्या कलमात. एकाच जागी वाचून निष्कर्ष काढला की घोटाळा होतो. कर्तव्यांच्या कलमात ‘सर्व समित्यांचे पदसिद्ध सदस्य’ असं असतं आणि समित्यांच्या कलमात त्याला अपवाद दिलेले असतात, असं बऱ्याचदा आढळतं.

तुम्हाला पुढच्या चारपैकी एक परिस्थिती सापडेल.

घटना गप्प आहे. मग अध्यक्ष कुठल्याच समितीचे सदस्य नाहीत. समितीने बोलावलं तर पाहुणे म्हणून येतील, माहिती देतील, पण मत नाही.

घटना म्हणते, ‘अध्यक्ष सर्व समित्या नेमतील’. इथे सगळ्यात जास्त लोक चुकतात. नेमण्याचा अधिकार म्हणजे सदस्यत्व नव्हे. या वाक्याने अध्यक्षांच्या हाती नावं ठरवणं येतं, समितीत आपोआप जागा मिळत नाही. अध्यक्षांनी स्वतःचंच नाव लिहून मोकळं होण्यापेक्षा सभेकडून तसा ठराव करून घ्यावा असा आमचा सल्ला आहे. पाच मिनिटं जातात, पण नंतर कोणी बोट दाखवू शकत नाही. शिवाय संस्थेचा सभासद नसलेल्या माणसाला समितीत घ्यायचं असेल, तर नेमणुकीचा अधिकार असलेल्या अध्यक्षांनाही सभेची मंजुरी घ्यावी लागते.

घटना म्हणते, ‘अध्यक्ष सर्व समित्यांचे पदसिद्ध सदस्य असतील’. मग ते सदस्य आहेत, पण कोरमचा, म्हणजे निर्णय घ्यायला लागणाऱ्या किमान हजेरीचा, हिशेब वेगळा.

घटना एखाद्या ठरावीक समितीचं नाव घेते, उदाहरणार्थ ‘वित्त समितीत अध्यक्ष, खजिनदार आणि तीन निवडलेले सदस्य असतील’. मग त्या समितीत अध्यक्ष इतर चौघांसारखेच: हक्क तेच, जबाबदारी तीच, कोरममध्येही मोजायचे.

एक फसवी जागा आणखी आहे. काही संस्थांमध्ये ‘प्रेसिडेंट’ वेगळा असतो आणि संचालक मंडळाचा ‘चेअर’ वेगळा. पदसिद्ध सदस्यत्वाचं वाक्य ज्या पदाचं नाव घेतं, त्याच पदाला ते लागू होतं. घटनेत ‘प्रेसिडेंट’ लिहिलं असेल तर मंडळाच्या चेअरला त्यातून काही मिळत नाही.

पदसिद्ध म्हणजे ‘मताविना’ नव्हे

पदसिद्ध सदस्य म्हणजे फक्त मानाचा, त्याला मत नसतं, ही समजूत इतकी रुजली आहे की अनुभवी सचिवही इतिवृत्तात ‘अध्यक्ष, मताधिकाराशिवाय उपस्थित’ असं लिहून ठेवतात. ‘पदसिद्ध’ हा शब्द माणूस समितीत कुठल्या वाटेने आला एवढंच सांगतो: पदामुळे आला, पद गेलं की जाईल. मत काढून घ्यायचं असेल तर घटनेत ‘मताधिकाराविना’ असे शब्द स्वतंत्रपणे लिहावे लागतात.

सगळ्या समित्यांवर पदसिद्ध असलेल्या अध्यक्षांसाठी रॉबर्टच्या नियमांत खास सवलत आहे. त्यांना प्रत्येक बैठकीत भाग घेण्याचा हक्क आहे, पण हजर राहण्याचं बंधन नाही. आठ समित्या असलेल्या मंडळात एका माणसाने सगळीकडे बसावं ही अपेक्षाच अन्यायाची झाली असती. आणि येण्याचं बंधन नाही, म्हणून ते कोरममध्येही धरले जात नाहीत: किती जण लागतात हे ठरवताना मोजायचे नाहीत, आणि किती जण आले हे पाहतानाही मोजायचे नाहीत.

हे प्रत्यक्ष टेबलावर पाहू. दिवाळी समितीत पाच नेमलेले सदस्य आहेत आणि अध्यक्ष सर्वसाधारण कलमामुळे पदसिद्ध. सभेने दुसरा आकडा ठरवून दिला नसेल तर समितीचा कोरम म्हणजे निम्म्याहून जास्त सदस्य. पाचाचे निम्मे अडीच, म्हणून तीन. शनिवारी सकाळी दोन सदस्य आले आणि अध्यक्ष आले. खोलीत माणसं तीन, पण कोरम नाही, कारण नेमलेल्यांपैकी दोनच आहेत. गप्पा होतील, तयारीची चर्चा होईल, निर्णय होणार नाही.

पुढच्या शनिवारी तिघे आले आणि अध्यक्षही आले. कोरम पूर्ण. केटररच्या निवडीवर मतदान झालं: दोन सदस्य बाजूने, एक विरोधात. अध्यक्षांनी विरोधात हात वर केला. झाले दोन विरुद्ध दोन, आणि बरोबरी झाली की सूचना फेटाळली जाते. कोरममध्ये न मोजलेल्या माणसाच्या मताने निकाल फिरला, आणि तो पूर्णपणे नियमाला धरून आहे. अध्यक्षांना हा हक्क आहे हे समितीने आधीच ओळखून असावं, आणि या एका हाताचं वजन किती असतं याची जाणीव अध्यक्षांनीही ठेवावी.

याच समितीत अध्यक्षांना सभेने नावानिशी नेमलं असतं तर सदस्य सहा झाले असते, कोरम चार. मग तीन सदस्य अधिक अध्यक्ष मिळून चार, कोरम पूर्ण. पण अध्यक्ष आले नाहीत तर तिघांची बैठक फुकट. म्हणून व्यस्त अध्यक्षांना नावाने समितीत घालणं हे कामाला मदत करण्याऐवजी पुष्कळदा अडवणूक ठरतं.

पदसिद्ध अध्यक्षांना बैठकीची सूचना मात्र प्रत्येक वेळी गेलीच पाहिजे. येण्याचं बंधन नसलं तरी येण्याचा हक्क आहे, आणि कळवलंच नाही तर तो हक्क कागदावरच राहतो. समितीच्या ईमेल यादीत आणि व्हॉट्सॲप गटात अध्यक्षांचा पत्ता पहिल्या दिवशी घालून टाका.

ज्या दोन समित्यांपासून लांब राहायचं

पहिली, नामनिर्देशन समिती, म्हणजे पुढच्या निवडणुकीसाठी नावं सुचवणारी. अध्यक्षांनी ही समिती नेमू नये आणि तिचं सदस्यही असू नये, पदसिद्ध म्हणूनही नाही आणि दुसऱ्या कुठल्या वाटेनेही नाही. कारण उघड आहे. सत्तेवर असलेल्या माणसाने आपले वारस निवडायला सुरुवात केली की संस्था एका घोळक्याच्या हातात जाते, आणि नवे सभासद दोन वर्षांत यायचे बंद होतात. ही समिती सभासदांनी किंवा कार्यकारिणीने निवडून द्यावी. या समितीच्या सदस्याला स्वतः उमेदवार व्हायला मात्र रॉबर्टच्या नियमांत बंदी नाही.

दुसरी, शिस्तभंगाची चौकशी करणारी समिती. चौकशीनंतर प्रकरण सभेपुढे येतं, आणि तिथे अध्यक्ष निःपक्षपातीपणे खुर्चीवर बसायचे असतात. आरोप तपासणारा आणि सुनावणी चालवणारा एकच माणूस असला की निकालावर कोणाचाच विश्वास बसत नाही.

हे दोन अपवाद घटनेत शब्दांनी लिहा. नुसतं ‘सर्व समित्या’ लिहिलं की ‘सर्व’चा अर्थ सर्वच घेतला जातो, आणि मग नामनिर्देशन समितीच्या बैठकीत येऊन बसलेल्या अध्यक्षांना उठवण्यासाठी तुमच्या हाती नियम उरत नाही, फक्त भीड उरते.

हिशेबतपासणीची समिती हा तिसरा अपवाद आमच्या मते घालायलाच हवा. धनादेशांवर ज्यांच्या सह्या असतात, त्यांनी तेच धनादेश तपासू नयेत. कॅलिफोर्नियात तर यावर कायदा आहे. २००४ च्या नॉनप्रॉफिट इंटिग्रिटी ॲक्टनुसार, सरकारी अनुदान वगळून वर्षाचं एकूण उत्पन्न २० लाख डॉलर किंवा जास्त असलेल्या धर्मादाय संस्थेला ऑडिट समिती ठेवावी लागते. तिच्यावर संस्थेचे कर्मचारी बसू शकत नाहीत, आणि त्यात प्रेसिडेंट किंवा मुख्य कार्यकारी अधिकारी, तसेच खजिनदार किंवा मुख्य वित्त अधिकारी हेही येतात. वित्त समितीचे लोक ऑडिट समितीत निम्म्यापेक्षा कमी असावे लागतात, आणि ऑडिट समितीचा प्रमुख वित्त समितीतला चालत नाही. बहुतेक मंडळांची उलाढाल याच्या जवळपासही नसते, आणि मंदिरांसारख्या धार्मिक संस्थांना ही अट लागू नाही.

समितीत अध्यक्ष आहेत म्हणून समितीचे प्रमुख नाहीत

भारतातून आलेल्या माणसाच्या डोक्यात संसदेचं चित्र असतं. लोकसभेच्या नियमांनुसार अध्यक्ष कामकाज सल्लागार समितीचे प्रमुख असतात, आणि उपाध्यक्ष एखाद्या समितीचे सदस्य असतील तर त्यांनाच तिथे सभापती नेमावं लागतं. मोठं पद आलं की खुर्चीही त्याचीच, अशी आपली सवय. रॉबर्टच्या नियमांत तसं नाही. पदसिद्ध अध्यक्ष समितीत एक सदस्य म्हणून येतात. नेमणाऱ्याने प्रमुख ठरवून दिला असेल तर तोच प्रमुख. ठरवला नसेल तर यादीतल्या पहिल्या नावाने पहिली बैठक बोलवायची, आणि समितीला आपला प्रमुख निवडता येतो.

हे वागण्यात उतरवणं अवघड जातं. समितीचा तरुण प्रमुख बैठक चालवत असतो आणि सगळे बोलताना अध्यक्षांकडे बघत असतात. अध्यक्षांनी टेबलाच्या टोकाला बसू नये, शक्यतो शेवटी बोलावं, आणि कोणी त्यांना ‘मग काय ठरवायचं?’ असं विचारलं तर प्रश्न प्रमुखाकडे वळवावा. असं केलं तरच समितीची शिफारस खरोखर समितीची राहते. अध्यक्ष पहिल्याच मिनिटाला मत सांगून बसले की उरलेला तास फक्त माना डोलवण्यात जातो.

घटना गप्प असेल तर नेमायचं कसं

एकाच समितीपुरता प्रश्न असेल तर घटनादुरुस्ती नको, साधा ठराव पुरे. शब्द असे ठेवा:

‘मी असा ठराव मांडते की, दिवाळी कार्यक्रमासाठी पाच जणांची समिती नेमावी, तीत मंडळाचे अध्यक्ष आणि सभेने निवडलेले चार सभासद असावेत, आणि समितीने ऑगस्टच्या बैठकीत खर्चाच्या अंदाजासह आपली शिफारस मांडावी.’

‘मंडळाचे अध्यक्ष’ हे शब्द आणि त्या व्यक्तीचं नाव यांत मोठा फरक आहे. पदाचा उल्लेख केला की डिसेंबरात अध्यक्ष बदलले तर समितीतली जागा नव्या अध्यक्षांकडे जाते. नाव लिहिलं तर पद सोडल्यावरही तीच व्यक्ती समितीत राहते, तिला बदलेपर्यंत. यातलं काय हवं ते ठरवून लिहा.

समिती आधीच नेमली गेली आहे आणि आता अध्यक्षांना वाढवायचं आहे? मग तो आधी मंजूर झालेल्या ठरावातला बदल ठरतो. पूर्वसूचना दिली असेल तर साधं बहुमत चालतं, दिली नसेल तर दोन तृतीयांश मतं लागतात. शिवाय हा ठराव फक्त अध्यक्षांबद्दल असल्यामुळे, त्यावरची चर्चा आणि मतदान होईपर्यंत अध्यक्षांनी खुर्ची उपाध्यक्षांकडे द्यावी.

कायमची तरतूद हवी असेल तर घटनादुरुस्ती करा. मजकूर असा चालेल: ‘अध्यक्ष हे नामनिर्देशन, शिस्तपालन व हिशेबतपासणी समित्या वगळून, मंडळाच्या तसेच कार्यकारिणीच्या सर्व समित्यांचे पदसिद्ध सदस्य असतील.’ ‘तसेच कार्यकारिणीच्या’ हे शब्द मुद्दाम आहेत. नाहीतर कार्यकारिणीने स्वतःच्या कामासाठी नेमलेल्या समित्या यात येतात का, हा नवा वाद उभा राहतो. दुरुस्ती कशी करायची हे बहुधा घटनेतच दिलेलं असतं. दिलेलं नसेल तर पूर्वसूचना आणि दोन तृतीयांश मतं, किंवा एकूण सभासदसंख्येचं बहुमत. दोन तृतीयांश मोजायचे ते दिलेल्या मतांचे, हजर माणसांचे नव्हेत. सभागृहात तीस जण आहेत, सहा जणांनी मतच दिलं नाही, मतं पडली चोवीस, तर सोळा लागतात.

कार्यकारिणीच्या वतीने निर्णय घेणारी छोटी ‘एक्झिक्युटिव्ह कमिटी’ काढायचा मोह अनेक अध्यक्षांना होतो. घटनेत तिची तरतूद नसेल तर कार्यकारिणी ती काढू शकत नाही. राज्याचा कायदाही बघा: कॅलिफोर्नियात संचालक मंडळाचे अधिकार वापरणाऱ्या समितीत किमान दोन संचालक लागतात आणि संचालक नसलेला कोणीही चालत नाही.

अहवाल सभेपुढे येतो तेव्हा

समितीच्या बैठकीत नियम सैल असतात. सूचनेला अनुमोदन लागत नाही, कितीही वेळा बोलता येतं, प्रमुखही वाद घालतो आणि मत देतो. सुमारे बारापर्यंत सदस्य हजर असलेल्या छोट्या कार्यकारिणीतही हीच मोकळीक आहे, त्यामुळे तिथे अध्यक्ष समितीच्या शिफारशीवर खुशाल बोलू शकतात.

शंभर माणसांच्या सर्वसाधारण सभेत तसं चालत नाही. तिथे खुर्चीवरच्या माणसाने कोणाची बाजू घ्यायची नसते. अध्यक्ष समितीत होते, शिफारशीत त्यांचा हात आहे, तरी अहवाल समितीच्या दुसऱ्या सदस्याने वाचावा आणि ठराव त्यानेच मांडावा. एकाहून जास्त सदस्यांच्या समितीकडून आलेल्या ठरावाला अनुमोदन लागत नाही, ते घ्यायला थांबू नका. अध्यक्षांना बोलल्याशिवाय राहवत नसेल तर त्यांनी खुर्ची उपाध्यक्षांना द्यावी आणि त्या विषयाचा निकाल लागेपर्यंत परत घेऊ नये. भाषण करून लगेच खुर्चीत येऊन बसणं ही नेहमीची चूक आहे. मतदानात, अध्यक्ष सभासद असतील तर गुप्त मतदानात त्यांना मत आहेच. हात वर करून मतदान असेल तर त्यांच्या मताने निकाल बदलणार असेल तेव्हाच त्यांनी द्यावं.

सार्वजनिक संस्थेत वेगळी खबरदारी

शाळामंडळ किंवा शहराच्या आयोगावर बसणाऱ्यांनी रॉबर्टबरोबर उघड बैठकांचा कायदाही पाहावा. कॅलिफोर्नियाच्या ब्राउन ॲक्टमध्ये, फक्त मंडळाच्या सदस्यांची, कोरमपेक्षा कमी संख्येची, तात्पुरती सल्लागार समिती त्या कायद्याच्या बंधनातून सुटते. कायमस्वरूपी समितीला ही सूट नाही. पाच जणांच्या मंडळाने दोघांची तात्पुरती समिती नेमली, आणि मंडळाचे अध्यक्ष ‘सहज’ म्हणून चर्चेला येऊन बसले, की तीन झाले. तीन म्हणजे मंडळाचा कोरम, आणि जाहीर सूचनेशिवाय झालेली बैठक बेकायदा ठरू शकते. इथे पदसिद्ध असण्याचा हक्क सांगून उपयोग नाही, कारण कायदा रॉबर्टच्या वर आहे.

चूक होऊन गेली असेल तर

अध्यक्ष सदस्य नसताना त्यांनी समितीत मत दिल्याचं नंतर लक्षात आलं, तर आधी त्यांचं मत वजा करून मोजा. चार विरुद्ध एक होतं आणि चारांत अध्यक्ष होते? उरले तीन विरुद्ध एक, निकाल तोच. तीन विरुद्ध दोन होतं आणि तिनांत ते होते? उरले दोन विरुद्ध दोन, म्हणजे सूचना मंजूर झालीच नव्हती. अशा वेळी अहवाल सभेपुढे नेण्याआधी समितीची बैठक घेऊन पुन्हा मतदान करा. समितीचा प्रमुख बैठक बोलवायला टाळाटाळ करत असेल तर कुठल्याही दोन सदस्यांना ती बोलावता येते, फक्त सर्वांना पुरेशा वेळात सूचना गेली पाहिजे. बैठक चालू असतानाच चूक दिसली तर तिथल्या तिथे हरकतीचा मुद्दा घ्या. ‘हरकतीचा मुद्दा आहे, अध्यक्ष या समितीचे सदस्य नाहीत’ एवढं म्हणणं पुरे, भाषणाची गरज नाही.

निवडणूक झाली की नव्या सचिवाने एक काम पहिल्या आठवड्यात करावं: प्रत्येक समितीची यादी काढून, अध्यक्ष कुठे पदसिद्ध आहेत, कुठे नावानिशी नेमले आहेत आणि कुठे मुळीच नाहीत, हे समितीच्या नावापुढे लिहावं, आणि त्याच्या शेजारी कोरमचा आकडा. मावळत्या अध्यक्षांचा ईमेल पदसिद्ध याद्यांतून काढावा, नव्यांचा घालावा, आणि ही यादी सगळ्या समितीप्रमुखांना पाठवावी.